हरणाऱ्यासाठी पहिलं पान

शरयूमावशी,

इथल्या मराठी मंडळाच्या अंकात तुमच्यावर मी लिहावं, असं ठरलंय. अंकाचं काम बघणाऱ्या देशपांडेकाकांनी फोनवर सांगितलं की तुमची सगळी पदं यायला हवीत. कॅनडात वकिली कुठे केलीत, न्यायाधीश कधी झालात, अपील कोर्टात कधी गेलात, मराठी बायकांमध्ये पहिल्या की दुसऱ्या. मी हो म्हटलं. मोठ्या माणसांना पटकन नाही म्हणणं मला अजून जमत नाही. पण लिहायला बसले की ती पदं नुसती एकाखाली एक उभी राहतात आणि त्यांच्यात तुम्ही कुठे दिसत नाही. तेव्हा काकांनी रागावू नये. तुमच्या मुलीने, मीनलताईंनी, ती माहिती द्यायचं कबूल केलंय. मी तुमच्याशीच बोलते.

तुम्हाला जाऊन फार दिवस झालेले नाहीत. मी धड रडलेही नाही. सकाळी बसने युनिव्हर्सिटी, बाकीच्या दुपारी डेंटिस्टच्या ऑफिसात फोन घेणं, संध्याकाळी आईच्या पोळ्यांचे डबे घरोघर पोचवणं, यात रडायला बसणार कुठे? फक्त मंगळवार आणि गुरुवारची दुपार आली की काय करावं ते कळत नाही. त्या दुपारी तुमच्या होत्या. परवा मी त्या वेळात लायब्ररीत जाऊन बसले आणि टेबलावर डोकं ठेवून झोपले.

तुमची-माझी ओळख पोळ्यांमुळे झाली. निवृत्त होऊन तुम्ही मीनलताईंकडे राहायला आला होतात, त्यांच्या वेस्ट विंडसरच्या त्या मोठ्या घरात मी पहिल्यांदा डबा घेऊन आले, तेव्हा दार तुम्ही उघडलंत आणि माझ्या कानाकडे बघत विचारलंत, "पोळ्यांची मुलगी का?" मोठ्या लोकांची तऱ्हा असेल, असं मला वाटलं. तुमच्या नजरेचा मधला भाग गेलाय, माणूस दिसायचा तर त्याच्या बाजूला बघावं लागतं, हे मला नंतर कळलं. तुम्ही पोळी बोटांनी चाचपून पाहिलीत, आईला निरोप दिलात की कडा अजून पातळ चालतील, आणि मग मी काय शिकते ते विचारलंत. पॉलिटिकल सायन्स म्हटल्यावर तुम्ही म्हणालात, "मोठ्याने वाचता येतं का?"

मी तुम्हाला आजी म्हणाले, तर म्हणालात, "आजी नको. दोन नातवंडं आहेत, ती पुरेत. मावशी म्हण." माझी आई तुम्हाला बाई म्हणायची. बाबा जज्जसाहेब म्हणायचे आणि तुम्ही दिसलात की उभे राहायचे. तुमचा नातू नील जेवायला बोलावताना दारात वाकून म्हणायचा, "माय लेडी, डिनर इज रेडी," कारण तिकडे कोर्टात बाई जज्जना तसंच म्हणतात, हे त्याला कुठूनतरी कळलं होतं. तुम्ही मान न वळवता म्हणायचात, "ओव्हररूल्ड. आधी हात धू."

तुम्हाला वाचून हवे होते ते तुमचेच जुने निकाल. ते इंटरनेटवर सगळ्यांना खुले आहेत, हे नीलनेच शोधून काढलं आणि ते प्रिंट करून दिले. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला आपली कीर्ती ऐकायची असेल. पण दुसऱ्याच परिच्छेदाला तुम्ही मला थांबवलंत. "हे वाक्य केवढं लांब झालंय. कुणी लिहिलं हे?" मी म्हटलं, "तुम्हीच." तुम्ही म्हणालात, "माहितीये. म्हणून तर राग येतोय." कधी ऐकता ऐकता तुम्हाला झोप लागायची, आणि जाग आली की तुम्ही समाधानाने म्हणायचात, "बघ, माझं मलाच जागं ठेवता येत नाही. त्या बिचाऱ्यांचं काय झालं असेल."

माझं इंग्रजी वाचन अडखळत चालायचं. आठवीपर्यंत मी इचलकरंजीत मराठी शाळेत होते. अजूनही लांब शब्द आला की माझा श्वास आधी अडकतो. तुम्ही माझे उच्चार कधी सुधारले नाहीत. फक्त माणसांची नावं चुकलेली तुम्हाला चालायची नाहीत. नाव चुकलं की बोट वर व्हायचं. "नाव नीट घे. त्या दिवशी त्या माणसाजवळ तेवढंच होतं."

असं निकाल वाचता वाचता तुमचं सगळं आयुष्य मी उलटसुलट ऐकलं. नागपूरची लॉची डिग्री तिकडे गेल्यावर कुणी मोजलीच नाही, पुन्हा पहिल्यापासून परीक्षा द्याव्या लागल्या. सरकारी मदतीवर चालणाऱ्या वकिलांच्या कचेरीत तुम्ही कामाला लागलात, ती कचेरी कपडे धुण्याच्या दुकानाच्या वर होती आणि हिवाळ्यात खालच्या ड्रायरची ऊब तेवढी फुकट मिळायची. पहिल्यांदा कोर्टात गेलात तेव्हा शिपायाने तुम्हाला दुभाष्यांच्या बाकावर बसवलं. यावर मी चिडले, तर तुम्ही म्हणालात, "मी बसले. पाय दुखत होते." मंडळाच्या कार्यक्रमात तुमची ओळख करून देताना लोक 'संघर्ष' म्हणायचे, तेव्हा तुम्ही खुर्चीत खाली खाली सरकायचात. कौतुकानेही माणूस दमतो, हे मी तुमच्याकडे बघून शिकले.

मला सगळ्यात आवडायचं ते उत्तरेकडचं कोर्ट. तिथल्या वस्त्यांना रस्ता नाही, म्हणून कोर्टच विमानाने जायचं. न्यायाधीश, कारकून, सरकारी वकील, आरोपीचा वकील, सगळे एकाच छोट्या विमानात. येता-जाता खटल्याबद्दल अक्षर बोलायचं नाही, असा नियम. त्यामुळे बोलणं सगळं खाण्याचं. तुमच्याजवळ दशम्या असायच्या आणि त्या दोन्ही बाजूंना सारख्या वाटायच्यात. कोर्ट भरायचं शाळेच्या जिममध्ये. तुमचं टेबल बास्केटबॉलच्या रिंगखाली. इथे न्यू जर्सीत बर्फ पडला की मी कुडकुडत यायचे आणि तुम्ही म्हणायचात, "याला थंडी म्हणतेस?"

आणि तिथलाच तो निकाल. तो वाचायची वेळ आली तेव्हा तुम्ही म्हणालात, "हा वाचलाच पाहिजे का?" मग स्वतःच म्हणालात, "वाच."

एका मूळनिवासी बाईची मुलं बालकल्याण विभागाने नेली होती. ती परत द्यायची की कायमची दुसऱ्या घरी ठेवायची, हे तुम्हाला ठरवायचं होतं. तुम्ही तेव्हा नव्याने न्यायाधीश झाला होतात. सगळे पुरावे ऐकलेत, डॉक्टर ऐकलेत, आणि मुलं परत द्यायची नाहीत असं ठरवलंत. मग त्या जिममध्ये बसून तुम्ही तो निकाल वाचून दाखवलात. जवळजवळ तासभर. कायदा काय म्हणतो, आधीच्या कोर्टांनी काय म्हटलंय, कोणत्या कलमाचा अर्थ काय. ती बाई समोर हात मांडीवर ठेवून ऐकत होती. तुमचं संपलं. सगळे उठायला लागले. तेव्हा तिने शेजारच्या दुभाष्याला काहीतरी विचारलं, आणि तो तुमच्याकडे बघायला लागला. तुम्ही म्हणालात, काय विचारतायत त्या? तो म्हणाला, "त्या विचारतायत, मुलं आज येतील की उद्या?"

हे सांगून झाल्यावर तुम्ही पाणी मागितलंत. मी आणून दिलं.

त्यानंतर तुम्ही निकाल लिहायची पद्धतच बदललीत. वर पहिलं एक पान, साध्या भाषेत, हरलेल्या माणसाला उद्देशून. काय ठरलंय ते पहिल्याच वाक्यात. मग का ठरलंय. मग आता तुम्ही काय करू शकता. कायद्याचं जे काय ते त्याच्यामागे. "जिंकणारा शेवटची ओळ बघतो आणि घरी जातो," तुम्ही म्हणायचात. "वाचतो तो हरलेला. तो पुन्हा पुन्हा वाचतो." अपील कोर्टात गेल्यावर बरोबरच्या न्यायाधीशांना ते आवडलं नाही. एकजण म्हणाले, हे कोर्ट आहे, प्राथमिक शाळा नव्हे. तुम्ही त्यांना म्हणालात की दोन्ही ठिकाणी लोक जबरदस्तीनेच आणलेले असतात. पंच्याहत्तरी आली, तिकडच्या कायद्याप्रमाणे खुर्ची सोडावी लागली, तोपर्यंत तुम्ही ते पान सोडलं नाहीत.

देशपांडेकाका, करिअर म्हणून काही लिहायचंच असेल तर मला वाटतं हे लिहावं.

पण मावशी, त्या निकालावरून आपलं भांडण झालं ते झालंच. मी म्हणाले, तुमचं वाचणं चुकलं तसा निकालही चुकला. त्या बाईने दारू सोडलेली होती, ती घर शोधत होती, हे तुमच्याच निकालात चार ओळींत आहे, आणि डॉक्टरांना तुम्ही चार पानं दिलीत. तुम्ही म्हणालात, पुरावा तसा होता. आजही तोच पुरावा आला तर मी तेच ठरवीन. मी म्हटलं, पुरावा गोळा करणारे विभागाचेच लोक होते. तुम्ही म्हणालात, "ते वरच्या कोर्टात सांगायचं. अपील झालं नाही." मी म्हटलं, अपील करायचं असतं हे तिला कुणी सांगितलं होतं? तुम्ही ते मान्य केलं नाहीत. प्रत्येक वेळी आपण तिथेच येऊन थांबायचो. या सेमिस्टरला मी कुटुंब-कायद्याचा एक कोर्स घेतलाय, तो फक्त तुमच्याशी नीट भांडता यावं म्हणून. माझे मुद्दे तयार होत आले होते. आता ते कुणाला सांगू, कळत नाही. नीलला सांगून बघितले. तो म्हणाला, "आय थिंक यू आर राइट, पण माय लेडी विल स्टिल विन."

मग जानेवारीत बाबांची पाठ गेली. हायवेच्या एक्झिट एट-ए जवळच्या वेअरहाऊसमध्ये ते खोकी चढवायचे. मणक्यातली गादी सरकली, डॉक्टरांनी वजन उचलायचं नाही असं सांगितलं. ज्या आत्याने आम्हाला या देशात आणलं ती रविवारी आली, बाबांजवळ बसली, आणि चहा होईपर्यंत दोघांचं ठरलंसुद्धा. ही सेमिस्टर संपली की मी कॉलेज सोडायचं आणि डेंटिस्टकडे फुल टाइम लागायचं. बाकीचं नंतर बघू. कुणी ओरडलं नाही, कुणी मला वाईट बोललं नाही. आत्या जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली. पण 'नंतर बघू' म्हणजे काय ते मला माहीत आहे. बाबा दहावीनंतर मागावर उभे राहिले, तेव्हा माझ्या आजोबांनी त्यांना हेच सांगितलं होतं. आमच्या घरात कॉलेजच्या आत पाऊल टाकलेली मी पहिली. दोन वर्षं राहिली आहेत.

त्याच आठवड्यात गुरुवारी मी वाचायला बसले आणि ओळ पुढे जाईना. तुम्ही विचारलंत, मी सगळं सांगितलं, आणि म्हणाले, "मावशी, तुम्ही एकदा बाबांशी बोला ना. तुमचं ते ऐकतील. तुम्ही दिसलात की ते उभे राहतात."

"म्हणूनच नाही बोलणार," तुम्ही म्हणालात. "उभ्या माणसाला समजावता येत नाही, अश्विनी. तो नुसता हो म्हणतो."

"मग मी काय करू?"

"तू काय ठरवलंयस?"

"मी कसं ठरवणार?"

"ठरवलंयस. नाहीतर वकील शोधत आली नसतीस." मग म्हणालात, "यात तुझे बाबा हरणार आहेत. त्यांना ते दुसऱ्या कुणाकडून कळू नये. आणि आधी काय ठरलंय ते सांग, मग कारणं. कारणं आधी सांगितलीस तर ते आशेने ऐकत राहतील."

मला राग आला. मला सल्ला नको होता, मला कुणीतरी हवं होतं. मी म्हटलं, "तुमचं बरं होतं, मावशी. तुमच्यामागे कोर्ट होतं. निकाल दिलात की तुम्ही विमानात बसून घरी यायचात. मला त्याच किचनमध्ये राहायचंय."

तुम्ही माझ्या कानाच्या बाजूला बघितलंत. मग म्हणालात, "हो. हे खरं आहे." आणि मग, "वाच पुढे."

मी वाचलं. कुठल्यातरी शेताच्या कुंपणाचा खटला होता. अर्ध्यात तुम्हाला झोप लागली, मी पांघरूण सारखं करून निघाले. शनिवारी सकाळी तुम्ही उठलाच नाहीत, असा मीनलताईंचा फोन आला. इतक्या दिवसांत तुम्ही माझं एकच म्हणणं सरळ मान्य केलंत, आणि ते नेमकं ते. मला ते परत घ्यायचं नाहीये, खरं होतं ते. फक्त त्यानंतर आपण आणखी थोडं बोलायला हवं होतं, असं वाटतं. त्या बाईला तसं सोडून विमानात बसल्यावर तुम्हाला काय वाटलं होतं, हे मी विचारलंच नाही. त्या दिवशी दशम्या वाटल्यात का?

फ्यूनरल होममध्ये पुष्कळ माणसं आली होती. भाषणं झाली, पदं सगळी आली, 'संघर्ष'ही आला. मला वाटलं आता तुम्ही खाली सरकाल. आईने शेजारच्या बाईंना हळूच सांगितलं की शेवटी शेवटी बाई पोळी दुधात भिजवून खायच्या, तरी कडा बघायच्याच. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. बाबा कमरेचा पट्टा बांधून मागे भिंतीजवळ उभे होते. पुढे खुर्च्या रिकाम्या होत्या. मी जाऊन म्हटलं, बाबा, बसा, पाठ दुखेल. ते म्हणाले, "जज्जसाहेबांसमोर?"

आई मीनलताईंच्या मदतीला मागे थांबली. बाबांना गाडी चालवता येत नाही सध्या, मी त्यांना घेऊन निघाले. रूट वनला लागलो. रस्त्यावर बर्फासाठी मीठ टाकलेलं होतं, ते काचेवर उडत होतं. आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गाडी उभी केली, इंजिन बंद केलं आणि बाबा सीटचा पट्टा सोडायला लागले तेव्हा मी म्हटलं,

"बाबा, मी कॉलेज सोडणार नाहीये."

त्यांचा हात पट्ट्यावरच राहिला.

मग मी कारणं सांगितली.  आणि त्यांच्या वाट्याला काय येणार तेही मीच सांगितलं, ते त्यांना नंतर एकट्याने शोधायला लागू नये म्हणून. वेअरहाऊसमधलं ते बसून स्कॅनिंग करायचं काम त्यांना मागावं लागेल, जे माझ्या वयाच्या मुलाच्या हाताखाली आहे म्हणून त्यांना नको होतं. आईला आणखी दोन वर्षं लाटणं सोडता येणार नाही. आपण याच एका खोलीच्या घरात राहू. मी म्हटलं, "मी हे तुमच्याकडून घेतेय, हे मला माहीत आहे. मी नाही घेतलं तर मलाही पुढे कुणालातरी 'नंतर बघू' म्हणावं लागेल."

ते समोरच्या काचेकडे बघत होते. म्हणाले, "आत्याला कोण सांगणार?"

"मी सांगेन."

"ती मला बोलेल."

"बोलेल. पण सांगेन मी."

"आणि नाही जमलं तर?"

"तर तुम्हाला आधी सांगेन."

शेजारच्या गाडीतून कुणीतरी सामान काढत होतं. ते आत जाईपर्यंत बाबा थांबले. मग म्हणाले, "कळलं." दार उघडलं, एक पाय बाहेर ठेवला आणि तसेच बसून राहिले. "पटलं नाही मला. पण कळलं."

मी पलीकडे जाऊन हात पुढे केला. तो त्यांनी घेतला नाही. दार धरून सावकाश स्वतःच उठले. जिन्यात मात्र त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि वरपर्यंत काढला नाही. पाठीसाठी असेल.

त्याला आता काही दिवस झालेत. ते माझ्याशी बोलतात, पण मोजकं. सोमवारी त्या बसून करायच्या कामाचं विचारायला वेअरहाऊसला जाऊन आले, काय झालं ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आई दोघांकडे आळीपाळीने बघते. अवघड आहे, मावशी. तुम्ही तेव्हा हो म्हणालात ते बरोबरच होतं. मला रोज त्याच किचनमध्ये जावं लागतं. पण मी जाते.

आत्याला फोन अजून केलेला नाही. आज बसमध्ये पुन्हा झोप लागली आणि एक स्टॉप पुढे गेले. आज नाही होणार माझ्याच्याने. उद्या करते.